मूल कोणाचे?

2025 च्या श्रावणात भाईंदर येथे गोकुळाष्टमीच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाची सेवा आमच्याकडे होती. भाईंदर हे वसईच्या खाडीच्या अलीकडचे गाव. एके काळी मिठागरे, भातशेती आणि उत्तनकडे कोळीवाडा एवढाच पसारा. आता मीरा रोड धरून 2002 साली महानगरपालिका झालेले मोठे शहर. तेथे मूळचा कोण हे शोधू गेल्यास आगरी आणि कोळी बांधव सापडतील. बाकी कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे, कोणी गुजराथ-मारवाडातले, कोणी उत्तरेकडचे. पण काला वाटू लागले की सगळ्यांचे हात सारखेच पसरतात. गोपाळांनी शिदोऱ्या एकत्र केल्या तेव्हा कोणाची भाकरी कोणाच्या तोंडी गेली ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाही, असे निरूपण करून आम्ही हंडी फोडली आणि खाली उतरलो.

प्रसाद घेऊन बसलो असता एक आजीबाई पुढे आल्या. कडेवर तीन वर्षांची नात, तिच्या तोंडाला दही लागलेले. आजीबाई आमच्याजवळच पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "महाराज, एक विचारू? कृष्ण देवकीचा की यशोदेचा? दोघींचा म्हणू नका. एकच सांगा."

'दोघींचा' हेच उत्तर आमच्या ओठावर आलेले होते. चाळीस वर्षे गोकुळाच्या लीला गातो, पण हा प्रश्न कोणी अशा दाराला कडी लावून विचारला नव्हता. आम्ही म्हटले, "माऊली, आधी तुमचं काय ते सांगा."

गोष्ट अशी. मुलगा आणि सून भाईंदर पूर्वेस राहतात. लग्नाला बारा-तेरा वर्षे झाली, मूल नाही. सुनेची धाकटी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीस असते. तिला दोन मुले होती; तिसऱ्या खेपेस दिवस गेले तेव्हाच तिने व तिच्या यजमानांनी ठरविले की हे मूल ताईच्या ओटीत घालायचे. मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा ताई तिकडे जाऊन तिला घेऊन आली. तेव्हापासून ती येथेच आहे. मावशीला आई म्हणते, आजीच्या मांडीवर हरिपाठ ऐकत झोपते. घरात कोणी काही विचारले नाही, कोणाला काही सांगावे लागले नाही. पुढे बालवाडीत नाव घालण्याची वेळ आली. जन्माचा दाखला काढला तर त्यावर दुसरेच आई-बाप. पारपत्र पाहिले तर ते अमेरिकेचे. तेव्हा "आता हे एकदाचं पक्कं करून टाकू" असे बोलणे सुरू झाले, आणि त्याच सुमारास वर्तमानपत्रात एक बातमी आली.

वाचकांपैकी पुष्कळांनी ती वाचली असेल. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले ह्यांच्यापुढे एका भारतीय दांपत्याचा अर्ज होता. नात्यातले एक मूल 2019 साली अमेरिकेत जन्मले, काही महिन्यांचे असताना ह्या दांपत्याने ते येथे आणले, वाढविले, आणि आता ते दत्तक घ्यावे अशी त्यांची इच्छा. पण मूल अमेरिकेचे नागरिक. दत्तकाचे काम पाहणारे केंद्रीय प्राधिकरण, ज्यास लोक 'कारा' म्हणतात, ते त्यांची नोंद करून घेईना. न्यायालयाने निकाल दिला की, ज्या मुलास निराधार म्हणून संरक्षणाची गरज नाही असे परदेशी नागरिक असलेले मूल येथल्या कायद्याने दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क भारतीय नागरिकास नाही. मग ते नात्यातले का असेना. दत्तकाचे सोपस्कार आधी त्या देशात, त्या देशाच्या कायद्याने पुरे करावेत आणि नंतर मूल येथे आणण्याची रीत पाळावी.

आजीबाईंनी त्यातला एकच शब्द उचलला होता. "कोर्ट म्हणतं, हक्क नाही. इतकी वर्षं पोसलेल्या पोरावर हक्क नाही? मग आमच्या हिच्यावर दोन वर्षांत कुठून येणार? आमचे धाकटे दीर म्हणतात, कागदाच्या फंदात पडूच नका, पोरगी घरात आहे ना, मग झालं. सून मात्र रात्री उठून उठून तिच्या अंगावर हात ठेवून बघते."

खरे सांगायचे तर आम्हांसही त्या निकालाचा रागच आला होता. ज्या संप्रदायात रंजल्या-गांजल्यास आपले म्हणणे हीच साधुत्वाची खूण, त्यात वाढलेल्या माणसास 'हक्क नाही' हे शब्द कानात बोचतात. त्या रात्री आमचा मुक्काम मंडळाच्या एका निवृत्त वकिलांकडे होता. जेवताना आम्ही त्यांच्यावरच तोंड टाकले. ते शांतपणे ताक पीत म्हणाले, "महाराज, मुलावर हक्क असतो तरी कोणाला? शेतावर असतो, गाईवर असतो. मुलावर असला तर मग ते विकायचाही हक्क आला."

ह्या एका वाक्याने आम्ही जेवता जेवता थांबलो. कारण त्या वाक्याची गोष्ट आम्हांस ठाऊक होती; लहानपणी पाठशाळेत ऐतरेय ब्राह्मणातले शुनःशेपाचे आख्यान आम्ही घोकले होते. राजा हरिश्चंद्राने वरुणाला पुत्राचा बळी कबूल केला. पुत्र रोहित रानात पळाला. त्यास अजीगर्त नावाचा भुकेला ब्राह्मण भेटला, त्याची तीन मुले. थोरला बापाने सोडला नाही, धाकटा आईने सोडला नाही. मधला शुनःशेप शंभर गाईंना दिला. यूपास बांधावयास कोणी तयार होईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच बांधला. मारण्यास कोणी येईना, तेव्हा आणखी शंभर घेऊन बापच सुरा पाजळीत आला. मुलाने देवांची स्तुती केली, पाश गळून पडले, आणि तो उठून थेट विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. तेव्हा अजीगर्त काय म्हणाला? "माझा मुलगा मला परत दे!" म्हणजे विकताना हक्क, आणि परत मागतानाही हक्कच.

मुलाने नकार दिला. तुझ्या हाती सुरा पाहिला आहे, माझ्यापेक्षा तुला तीनशे गाई बऱ्या वाटल्या, अशा अर्थाचे तो बोलला. आख्यानात पुढे एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमचे लक्ष त्या रात्रीपर्यंत गेले नव्हते. विश्वामित्र मांडीवर घेऊन थांबला नाही. त्याने आपल्या एकशे एक पुत्रांना बोलाविले आणि सर्वांसमक्ष सांगितले की हा देवरात, हा तुमच्यात ज्येष्ठ. थोरल्या पन्नासांना ते रुचले नाही. त्यांना त्याने दूर केले. मधुच्छंदा आणि त्याच्यामागच्या पन्नासांनी मान्य केले. म्हणजे मांडी ही एक पायरी झाली, आणि चार लोकांदेखत, ज्यांचे नुकसान होणार आहे त्यांच्याही देखत, 'हा माझा' म्हणून जाहीर करणे ही दुसरी. त्या काळी न्यायालयाचा शिक्का नव्हता, एकशे एक पुत्रांची सभा होती.

वकील म्हणाले, "आता तुमच्या आजीबाईंचं बघा. मुलगी त्या देशाची नागरिक, तिचे जन्मदाते तिथे, जन्माची नोंद तिथे. तर देणारे खुशीनं देतात का, कोणी पैसे दिले का, कोणी दडपण आणलं का, हे तिथल्याच न्यायाधीशानं विचारायला नको? इथं बसून आपण घरगुती दत्तकपत्र केलं आणि तिच्या देशानं ते मानलं नाही, तर पोर मधल्या मध्ये लोंबकळेल." पुढे त्यांनी सांगितले की, ह्याच कामासाठी 1993 साली हेग येथे राष्ट्रांचा करार झाला, भारताने तो 2003 साली मान्य केला आणि अमेरिकेत तो 2008 पासून लागू आहे. त्या न्यायालयात दत्तक व्हावयाचे, घेणाऱ्यांच्या घराची पाहणी व मुलीची माहिती पाहून येथे काराची संमती मिळावयाची, मग भारतीय वकिलातीतून प्रवेशपत्र. वेळ लागेल, पैसा लागेल, पण वाट आहे.

येथे आमची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती आजवर कोणत्याही कीर्तनात सांगितलेली नाही.

पस्तीसेक वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत एक टाळकरी होते. गोदाकाठचे, माळकरी, गळा असा की विणेकरी मागे वळून पाहावा. पोटी संतान नव्हते. सख्ख्या भावाचा तिसरा मुलगा वर्षाचा असताना त्यांनी घेतला. आम्हांस विचारले, "महाराज, विधी करावा लागतो का? लिहून घ्यावं का?" आम्ही तेव्हा तरुण, भक्तीचा मोठा अभिमान. म्हणालो, "सख्ख्या भावाचं लेकरू, कागद कशाला? विठ्ठलाच्या साक्षीनं ओटीत घ्या." त्यांनी तसेच केले. आठ वर्षे ते पोर त्यांच्या खांद्यावर बसून पंढरीस आले. मग दोघा भावांत बांधावरून तंटा झाला, आणि एके दिवशी भावाने शाळेतून मुलाचा हात धरून आपल्या घरी नेला. वाडा एकच, मधे एक भिंत. पलीकडून आवाज ऐकू येई, पण भेटायची बंदी. टाळकरी वकिलाकडे गेले. 1956 च्या कायद्याप्रमाणे होम झाला नसला तरी चालते, पण दत्तक म्हणून देणे आणि घेणे व्हावे लागते. नोंदविलेला लेख असला तर न्यायालय दत्तक खरे धरून चालते. येथे लेख नव्हता, आणि देणारा म्हणत होता, "मी कधी दिलाच नाही, सांभाळायला ठेवला होता."

टाळकरी आमच्यावर एका शब्दाने रागावले नाहीत. वारी चालू ठेवली. खांदा मात्र एका बाजूस झुकवून चालत, जसे पोर बसलेलेच आहे. ते वारले तेव्हा दहाव्याला आम्ही गेलो. मुलगा पंचविशीचा झाला होता. घाटावर मंडळींपासून जरा लांब उभा. आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "महाराज, मी डोकं करायचं का?"

जन्मदाता बाप जिवंत, चार पावलांवर उभा. आम्ही "कर" म्हणालो. पण पंचवीस वर्षांच्या माणसास आपला बाप कोण हे परक्याला विचारावे लागले, ते आमच्या एका वाक्यामुळे. विठ्ठलाची साक्ष खरी होती. पण विठ्ठल कचेरीत जबानी द्यायला येत नाही, हे सांगणाऱ्याने सांगायला हवे होते.

म्हणून आता 'प्रेम असताना कागद कशाला' असे कोणी म्हणाले की आमच्या पोटात गोळा येतो. आईच्या मायेला कागदाने काही भर पडत नाही हे खरेच. पण उद्या बहिणी-बहिणींत बिनसले, घरचा कर्ता माणूस गेला, इस्टेटीला दहा तोंडे फुटली, तर मुलीच्या हाती काय? तिची त्यावेळची बाजू कोण मांडील? जो कागदास नको म्हणतो तो बहुधा स्वतःपुरता विचार करीत असतो. आपले प्रेम पक्के आहे हे त्यास ठाऊक असते. मुलास ते दाखवायला काही लागते.

आणि अर्धवट राहिलेल्या कागदाने काय होते ह्याचे उदाहरण आमच्या मुंबईतलेच आहे. पूर्वी परदेशी माणसास येथे दत्तक घेता येत नसे. 1890 च्या कायद्याने न्यायालय त्यास फक्त पालक नेमी. मूल पाल्य म्हणून समुद्रापार जाई आणि खरे दत्तक तिकडे व्हावयाचे. ते झाले की नाही हे पाहणारे फारसे कोणी नव्हते. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी ह्याविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, न्यायालयाने तेच अर्ज म्हणून घेतले, आणि न्यायमूर्ती भगवती ह्यांनी 1984 साली नियम घालून दिले. पुढे 1990 मध्ये कारा झाले. तरीही 1989 साली मुंबईहून आठेक वर्षांची एक मुलगी अमेरिकेत गेली. तेथे तिचे हाल झाले, एका घरातून दुसऱ्या घरात अशी ती फिरत राहिली. मोठी झाली, लग्न झाले, दोन मुले झाली. मग एका गुन्ह्यात शिक्षा झाली तेव्हा उघड झाले की तिचे नागरिकत्व कोणी पुरे करूनच घेतले नव्हते. परदेशातून घेतलेल्या मुलांस आपोआप नागरिकत्व देणारा तिकडचा कायदा 2001 मध्ये अमलात आला, पण ज्यांची अठरा वर्षे उलटली होती त्यांस तो लागू नव्हता. 2008 साली तिला भारतात पाठवून दिले. नवरा आणि मुले तिकडे. येथे ओळखीचे कोणी नाही, भाषा नाही. नेणाऱ्यांनी मुलगी नेली आणि कामाचे शेवटचे चार कागद राहू दिले, एवढ्यावर एक आयुष्य उसवले.

आणि 'तीनशे गाई' ही काही जुनी गोष्ट नव्हे. 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने पुण्यातील एका संस्थेच्या दत्तक व्यवहारांचा तपास केला. गरीब आईबापांची मुले परदेशी धाडण्यात पैसा खेळतो असे आरोप होते. तेव्हा दारावरचा शिपाई दहा प्रश्न विचारतो म्हणून चिडण्याआधी, अजीगर्ताला पहिल्याच शंभर गाईंच्या वेळी कोणी अडवून विचारले असते तर, एवढे मनात आणावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीबाईंच्या घरी गेलो. तेथे धाकटे दीर होते. त्यांचा खरा आक्षेप कागदावर नव्हता हे चहा संपेपर्यंत कळले. म्हणाले, "महाराज, पोरगी गोड आहे. पण रक्त आपलं नाही, देश आपला नाही. वंश कसा चालणार?"

आता ह्यास काय म्हणावे? गळ्यात माळ आहे, आणि कबीराचे दोहे तोंडपाठ आहेत. ज्यास लहरतारा तळ्याकाठी नीरू आणि नीमा ह्या विणकर जोडप्याने उचलले अशी कथा आपण टाळ कुटून सांगतो, त्याचे रक्त कोणाचे हे आजवर कोणास ठाऊक नाही. गंगाखेडची पोर जनी नामदेवरायांच्या घरी वाढली. पांडुरंगास तर संतांनी कानडा म्हटले आणि तरीही मराठी मुलखाची माऊली केले. हे सगळे आपण गातो, आणि स्वतःच्या घरात पाळणा हलला की रक्ताची चौकशी करतो. आमचे शास्त्रही येथे थोडे उणेच पडते, हे पाठशाळेत शिकलेल्या माणसाने कबूल केले पाहिजे. दत्तकमीमांसेपासून सगळे ग्रंथ दत्तक बापाच्या पिंडासाठी काय करील हे विचारतात. बाप दत्तकासाठी काय करील ह्याची फारशी चर्चा नाही. मुलगी दत्तक घेण्याची मोकळीक हिंदूंस सरसकट मिळाली ती 1956 च्या कायद्याने.

आम्ही दिरांस पंढरीच्या बालकाश्रमाची आठवण दिली. वारकऱ्यांपैकी शेकडा किती जणांस तो ठाऊक असेल कोण जाणे. 1875 साली पंढरपुरात न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर ह्यांनी, टाकून दिलेली आणि मारली जाणारी अर्भके वाचावीत म्हणून तेथे बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केले. मुंबईच्या प्रार्थना समाजाने ते चालविले. पुढे त्यास वासुदेव बाबाजी नवरंगे ह्यांचे नाव मिळाले. ज्योतीराव फुल्यांनी त्याआधीच, 1863 साली, पुण्यात तसे गृह काढले होते आणि तेथे जन्मलेल्या यशवंतास स्वतःचा मुलगा केले. पंढरीत अर्भके का सापडत, हा प्रश्न आम्हां वारकऱ्यांना लाज आणणारा आहे. आपण देवाच्या पायाशी गर्दी करीत होतो आणि ती उचलायला एक गुजराथी न्यायाधीश आला. दीर काही बोलले नाहीत. पण मुलगी त्यांच्या चष्म्याशी खेळत होती, आणि तो त्यांनी काढून घेतला नाही.

मग आजीबाईंनी कालचा प्रश्न पुन्हा काढला. "सांगितलं नाहीत अजून. कोणाचा?"

आम्ही म्हटले, "माऊली, अक्रूर रथ घेऊन गोकुळात आला तेव्हा यशोदा काय करू शकली?" ह्या प्रसंगाला सगळा मंडप रडतो, आम्हीही रडतो. पण त्या दिवशी आम्ही तो निराळ्या डोळ्यांनी पाहिला. यशोदेने दहा-अकरा वर्षे न्हाऊमाखू घातले, उखळाला बांधले, पोटाशी धरले. आणि रथ दारात आला तेव्हा 'हा माझा, नेऊ नका' म्हणायला तिच्या हाती काही नव्हते. कृष्णाचे जाणे अवतारकार्यासाठी होते, तेव्हा ही उपमा फार ताणू नये. आमच्या लेकरांना कोणी कंसवधास नेत नाही. तुमच्या दारात रथ येऊ नये, एवढ्यासाठी त्या न्यायालयात जा, असे आम्ही सांगितले.

सून आतापर्यंत स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती प्रथमच बोलली. "आणि देवकीचं काय, महाराज? बहीण फोन करते तेव्हा हिला बघून हसते, आणि मग कॅमेरा बंद करून बोलते. मला कळतं."

हा प्रश्न आम्ही विचारातही घेतला नव्हता. यशोदेची बाजू घेता घेता कारागृहातली देवकी विसरलो होतो. कायदा पहिले नाते तोडून दुसरे जोडतो, त्यावाचून त्याचे काम भागत नाही. पण देवकीनंदन आणि यशोदानंदन ही दोन्ही नावे लोकांनी हजारो वर्षे एकाच मुलाला लावली, आणि एकीच्या नावाने दुसरीचे कमी झाले असे कोणास वाटले नाही. मुलीपासून काही लपवू नका, असे आम्ही सुनेस सांगितले. कळत्या वयाआधी, गोष्ट सांगतात तसे सांगत जा. कर्णासारखे रणाच्या तोंडावर कळू देऊ नका. आणि न्यायाधीशापुढे उभे राहाल तेव्हा बहिणीचा हात धरा. देताना तिचे हात कापतील. शुनःशेपाच्या आईने धाकट्याला धरून ठेवले, मधल्यासाठी ती रडली की नाही हे आख्यानात लिहिलेले नाही. आमच्या मते ती रडलीच असेल.

ह्या गोष्टीस आता बरेच महिने झाले. तिकडचा वकील ठरला, घराची पाहणी झाली, कागद दोन-तीनदा परत आले. धाकट्या दिरांनी स्वतः ठाण्याच्या खेपा घातल्या असे कळते. हुकूम अजून झालेला नाही. परवा आजीबाईंचा फोन आला. तिकडच्या न्यायालयाची तारीख नेमकी आषाढीच्या आठवड्यात पडली आहे, सगळ्यांनाच जावे लागेल, आणि त्यांची वारी एकोणीस वर्षांची आहे. "काय करू, महाराज?"

आम्ही म्हटले, "तारखेला जा. तो विटेवर उभाच आहे. कार्तिकीला पोरीला घेऊन या."